मावशींचं एक्स्चेंज

‘पत्ता टाका’ लिहिलेल्या रकान्यात मावशींनी पुन्हा वसतिगृहाचा पत्ता टाकला होता, मजला आणि जवळच्या खुणेसकट.

मास्तर खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसला. तिथे हवा होता संगणकाचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता, पण ती ओळ त्यानेच लिहिली होती. साध्या संगणकाचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज करणारं सॉफ्टवेअर त्याची कंपनी विकायची आणि ते बसवायचं कसं, हे नवशिक्यांना सांगणारी पानं त्याने लिहिली होती. समजावून सांगायची खोड म्हणून ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. पण दहातले आठ लोक तिसऱ्या पानावर अडकत आणि मदतीसाठी फोन करत. साहेबांनी तीन आठवडे दिले होते. तेवढ्यात पानं सुधारली नाहीत, तर ते काम बाहेर जाणार होतं आणि मास्तर तक्रारी ऐकायच्या खुर्चीवर.

मावशी सुचवल्या शेजारच्या टेबलावरच्या तपासणीवालीने. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. तिची मावशी नुकतीच निवृत्त होऊन मुलींचं वसतिगृह काढत होती आणि तिला सहा खोल्यांत फोन हवे होते. “तिला जमलं तर कुणालाही जमेल,” ती म्हणाली होती.

तिचा शब्द मास्तर खाली पडू देणार नव्हता. महिन्यापूर्वी ऑफिसच्या जिन्यात त्याने तिला लग्नाचं विचारलं होतं. ती हसली होती आणि आधी ही पानं पुरी कर, मग बोलू, म्हणाली होती.

मावशींनी त्याला घाम फोडला. पासवर्ड टाकताना अक्षरं दिसत नाहीत म्हणून त्यांनी कीबोर्ड बदलून आणला. उदाहरणातलं ‘तुमचे नाव’ जसंच्या तसं टाकलं आणि सहाही फोनांचं नाव ‘तुमचे नाव’ झालं. एकदा सगळं जमत आलं असताना त्यांनी दोन तासांचं काम पुसून टाकलं आणि आता काय करायचं, असं शांतपणे विचारलं.

मास्तर जिना उतरून खाली गेला, रस्त्यावर दोन मिनिटं उभा राहिला, वर आला आणि म्हणाला, “बरं झालं मावशी. चुकून पुसलं तर काय करायचं, ते मी लिहिलंच नव्हतं.”

एकदा मात्र मावशींनी त्यालाच कोड्यात टाकलं. पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथे लिहिलंयस, ‘आता फक्त एवढंच करा.’ आणि नेमकं तेच मला जमत नाहीये. मग मी स्वतःला काय समजायचं?”

त्या संध्याकाळी मास्तरने सगळ्या पानांतून ‘फक्त’ हा शब्द शोधून काढला. एकेचाळीस वेळा होता. सगळे उडवले. ‘सोपं आहे’ही गेलं. पानं हळूहळू माणसात येऊ लागली.

मुदतीच्या दिवशी साहेब मास्तरच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मावशी वसतिगृहात एकट्या, हाताशी छापलेली पानं आणि कोरा संगणक. मदतीला कुणी नाही. ऑफिसातले दोन फोन, मास्तरचा आणि तपासणीवालीचा, त्यांनी आपल्या एक्स्चेंजला जोडून घ्यायचे होते.

दहा मिनिटं गेली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मास्तरने पेनाचं टोपण चावून चपटं केलं.

चौदाव्या मिनिटाला त्याचा फोन वाजला.

“ऐकू येतंय का रे?” मावशींचा आवाज खणखणीत आला.

आजूबाजूच्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. पानं आजच सगळ्यांसाठी खुली करा, असं साहेबांनी सांगितलं आणि जाताना मास्तरच्या पाठीवर थाप मारली. तक्रारींची खुर्ची टळली. मास्तर मावशींचे आभार मानू लागला.

“थांब, ठेवू नकोस,” मावशी म्हणाल्या. “तिलाही जोडून घेते.”

शेजारच्या टेबलावरचा फोन वाजला. तपासणीवालीने तो उचलला आणि तिघंही एकाच लाइनवर आली. मास्तर चमकला. तिघांना एकत्र कसं जोडायचं, हे त्याने कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं.

“पोरी,” मावशी म्हणाल्या, “छत्तीस वर्षं मी गावोगाव टेलिफोन एक्स्चेंज बसवली, शेकडो इंजिनिअर शिकवून तयार केले, पण मुद्दाम इतका छळ करूनही ज्याचा आवाज चढला नाही असा हा पहिलाच, हो म्हणून टाक.”