चौदा वेळा चुकलेला माणूस

"शेवटचं कधी पाहिलंत त्या बदली कामगाराला?" तपास अधिकाऱ्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पाणीपुरवठा कार्यालयात त्यांची बावीस वर्षं गेली होती, आता त्या मुख्य कारकून होत्या. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते.

"पाणी बिघडलं त्याच्या आदल्या दिवशी. संध्याकाळच्या पाळीला आला होता. मग गायबच."

टेबलावर जुन्या फायलींचा ढीग होता. बिघडलेल्या पाण्याने शहरात अकरा माणसं दगावली होती, त्यांत चार लेकरं. अधिकाऱ्यांनी एकेक फाईल उघडून दाखवली.

"व्हॉल्व्ह उघडा राहिला, दोष बदली कामगाराचा. टाकी ओसंडून वाहिली, बदली कामगार. पंप जळाला, बदली कामगार. चौदा वेळा चुकलेल्या माणसाला तुम्ही पंधराव्यांदा कामावर घेता?"

"वेळेला धावून यायचा, साहेब. दुसरं कोण येतंय?"

"कागदपत्रं?"

"हंगामी माणसाची कसली कागदपत्रं!"

"दिसायला कसा होता?"

उघड्या दारातून बाईंना पंपचालक दिसत होता. तो बाकावर बसून गुडघे हलवत होता. पाणी बिघडलं त्या दिवशी पाळी त्याचीच होती.

"पन्नाशीचा," बाई म्हणाल्या. "किरकोळ अंगाचा. डाव्या पायाने लंगडतो. भुवईवर जुनी खूण आहे."

अधिकाऱ्यांनी सगळं लिहून घेतलं. "सापडेल. लंगडून लंगडून जाईल कुठे?"

बाई बाहेर आल्या तसा पंपचालक त्यांच्यामागे जिन्यापर्यंत आला आणि कुजबुजला, "ताई, लंगडा कशाला केलात हो त्याला?"

"गेलं तोंडातून! काहीतरी सांगायला नको?"

बदली कामगार कधी नव्हताच. बावीस वर्षांपूर्वी एका शिपायाची बायको बाळंतपणात अडली होती. तो व्हॉल्व्ह उघडाच टाकून दवाखान्यात धावला आणि अर्धी वस्ती पाण्यात गेली. कार्यालयाचे साहेब त्याला घरी बसवायला निघाले होते. बाई तेव्हा नव्या होत्या, जिभेने आणि मनानेही धीट. त्यांनी अहवालात ठोकून दिलं, 'बदली कामगाराच्या हलगर्जीपणामुळे.' साहेबांनी न वाचता सही केली. शिपायाची नोकरी वाचली.

मग ती सवयच लागली. कोणाचंही काहीही चुको, खापर बदलीवाल्याच्या डोक्यावर. चहा थंड झाला तरी लोक म्हणत, "बदलीवाल्याने आणला वाटतं." साहेब सात बदलले, पण बदलीवाला सगळ्यांनाच सोयीचा पडला. चौकशी त्याच्यापाशी येऊन थांबायची, वर चढायची नाही.

या वेळी मात्र चूक खालच्या कोणाची नव्हतीच. पाणी शुद्ध करायची पावडर चार महिने आली नव्हती. बाईंची तीन स्मरणपत्रं साहेबांच्या टेबलावर तशीच पडून होती. पाणी बिघडलं तसं साहेबांनी अहवाल स्वतःच लिहिला आणि बदलीवाल्याचं नाव घातलं. बाईंना बोलावून एवढंच म्हणाले, "तुम्ही तर त्याला फार वर्षांपासून ओळखता. नाहीतर मग पंपचालकाचं नाव घालावं लागेल."

बाईंनी मनाची समजूत घातली. नसलेल्या माणसाला बेड्या घालणार तरी कशा? चार दिवस शोधतील, कंटाळतील. पंपचालक सुटेल, आपणही अब्रूने घरी जाऊ.

तिसऱ्या दिवशी भिंतीभिंतीवर चित्र लागलं. किरकोळ चेहरा, भुवईवर खूण, खाली जाड अक्षरात 'डाव्या पायाने लंगडतो'. बाईंना ते बघवेना.

दुपारी बाजारात गलका उठला. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला लोकांनी दुकानातून ओढून काढलं होतं. त्याचा डावा पाय अधू होता. एक बाई चपलेने त्याला मारत होती आणि स्वतःच हंबरडा फोडत होती, "माझं लेकरू खाल्लंस रे! दोन वर्षांचं होतं!"

"अहो, हा तो नाही! सोडा त्याला!" मोठ्या बाई ओरडल्या.

"तुम्हाला काय माहीत?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

पोलिसांची गाडी आली आणि म्हाताऱ्याला घेऊन गेली. रस्त्यावर मोडक्या छत्र्या तेवढ्या उरल्या.

बाई घरी आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मी चौकीत जाते. खरं काय ते सांगून टाकते."

"वेड लागलंय का? तीन आठवडे कळ काढ! तुरुंगात जाशील या वयात!"

"जाईन. स्वतःला शिव्या घालीन, पण झोप तरी लागेल." पिशवी तिथेच टाकून त्या निघाल्या. आपलीच त्यांना इतकी किळस आली होती की रिक्षात बसूनही त्या पदर तोंडाशी धरून होत्या.

चौकीत त्यांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. शिपाई, बावीस वर्षं, चौदा फायली, साहेबांच्या टेबलावरची तीन पत्रं, सगळं. "असा माणूसच नाही, साहेब! मीच रचला त्याला. जे काय करायचं ते मला करा, पण त्या छत्रीवाल्याला सोडा. तुमच्या पाया पडते."

अधिकारी रागावले नाहीत. त्यांनी बाईंसाठी पाणी मागवलं, त्या पिऊन होईपर्यंत थांबले. मग मायेने म्हणाले, "घाबरला आहात तुम्ही. साहजिक आहे. या माझ्याबरोबर."

त्यांनी मागच्या खोलीचं दार उघडलं. बाकावर तीन माणसं बसली होती. तिघांचीही तोंडं सुजलेली, तिघांनीही डावा पाय लांब सोडलेला. छत्रीवाला कडेला होता. बाईंना बघून तिघेही धडपडत उभे राहिले.

"तिघांनीही गुन्हा कबूल केलाय," अधिकारी म्हणाले. "सह्याही झाल्यात. आता यातला खरा कोण, तेवढं फक्त तुम्ही सांगा."