पुसलेल्या ओळी

"हा आकडा बरोबर आहे ना?" गुणवंतभाईंनी मॉनिटर जितेशकडे वळवला.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन नावं होती. जितेशपुढे अकरा हजार ओळी. मिनलपुढे नऊशे.

मिनल शेजारच्याच खुर्चीत बसली होती. ती जितेशची बायको. केबिन रोडवरच्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात दोघं लग्नाआधीपासून प्रोग्राम लिहीत होते. पण २००९ साल मंदीचं निघालं, अमेरिकेतलं काम आटलं. एका घरातले दोघं आता परवडत नाहीत, एकाला थांबवावं लागेल, असं मालक गुणवंतभाईंनी सोमवारीच सांगून टाकलं होतं.

प्रोग्रामच्या ओळी मोजायचं हे टूल जितेशनेच बनवलेलं, एका रिकाम्या दुपारी, गंमत म्हणून. कमांड टाइप करून एंटर दाबलं की कोणी किती नव्या ओळी लिहिल्या ते लगेच समोर यायचं. पुसलेल्या ओळी मात्र त्याच्या हिशेबातच नव्हत्या.

आणि मिनलने वर्षभर पुसायचंच काम केलं होतं. जितेश घाईत एकच गोष्ट सात ठिकाणी लिहून ठेवायचा. ती ते सगळं निपटून एका जागी आणायची. गोदामाचा जो रिपोर्ट निघायला अर्धा तास लागायचा, तो चहा ओतेपर्यंत निघू लागला. क्लायंटने कौतुक केलं ते जितेशचं. त्यानेही ते घेतलं.

पुसलेल्या ओळी यात धरलेल्या नाहीत, एवढं एक वाक्य आता पुरेसं होतं. पण ते बोललं की उद्यापासून मिनल डबा घेऊन निघणार आणि आपण घरी राहून दार लावून घेणार, हे त्याला दिसलं. जिन्यात भेटणारे शेजारी दिसले. रत्नागिरीहून दर रविवारी फोन करणारे वडील दिसले.

"बोल भाई. टूल तुझं आहे. तू बोलशील ते फायनल."

मिनल त्याच्याकडेच बघत होती.

"बरोबर आहे," जितेश म्हणाला.

संध्याकाळी दोघं चालत घरी निघाले. मिनलच्या ड्रॉवरमधलं सामान जितेशने स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं. तो बोलत राहिला. तू हुशार आहेस, तुला कुठेही मिळेल. माझं तसं नाही. आणि बाबांना काय सांगितलं असतं मी? मिनल ऐकत होती. वाटेत तिने मेथीची जुडी घेतली, भैयाला सुटे पैसे दिले.

मग म्हणाली, "काल तू बँकेत गेलास तेव्हा गुणवंतभाईंनी मला आत बोलावलं होतं. दोघांपैकी कोणाला ठेवू, म्हणाले. मी म्हटलं, जितेशला ठेवा. मी दुसरीकडे बघते."

जितेशचा जीव भांड्यात पडला. चार पावलं तो हलका होऊन चालला. मग थांबला.

"ठरलंच होतं, तर आज मला कशाला विचारलं त्यांनी?"

मिनलने जुडी पिशवीत नीट बसवली.

"मीच सांगितलं होतं. म्हटलं, माझ्यासमोर एकदा त्यालाही विचारा."