आर्टगलचा कान

"बस खाली," लासर म्हणाली. तिच्या हातात मेंढ्या कातरायची कात्री होती.

आर्टगल बसला नाही. कुडाच्या फटीतून त्याला दलदलीवरची फळ्यांची वाट दिसत होती आणि वाटेवर तीन घोडेस्वार. पुढचा त्याचा चुलत भाऊ फेलान, या मुलखाचा राजा. गेल्या हिवाळ्यात याच फेलानने दुसऱ्या चुलत भावाचे, ओर्नचे, डोळे काढवले होते. गादीवर हक्क सांगू शकेल असा आता घराण्याच्या या शाखेत आर्टगल एकटाच उरला होता. तेव्हा राजेसाहेब कशासाठी येतायत, हे विचारायचंही कारण नव्हतं.

"मी लढेन," तो म्हणाला.

"लढशील की. तिघांशी. आणि संध्याकाळी मी तुला पुरेन. शहाणाच आहेस."

सात वर्षांचा असताना घराण्याने त्याला तिच्याकडे वाढवायला दिलं होतं. राजांची पोरं अशीच परक्या चुलीवर मोठी होतात. जन्म देणारी वर्षातून एकदा यायची. तापात उशाशी बसायची ती लासर. पोरावर तिचा जीव होता आणि गादीशी काडीचं देणंघेणं नव्हतं.

"अंगाला खोट असलेला माणूस राजा होत नाही," ती म्हणाली. "आणि जो राजा होऊ शकत नाही, त्याच्या वाटेला कोण जातंय? तो डोळे नेईल, नाहीतर जीव. त्यापेक्षा कान दे."

"लोक जन्मभर हसतील, आई."

"हसू देत. ऐकायला तू असशील ना."

तो बसला. कात्री बोथट होती, दोनदा चालवावी लागली. त्याने दात आवळून धरले. रडली ती लासर. मग तिने जखमेवर शेवाळ दाबलं, फडकं बांधलं आणि त्याला हाताला धरून फाटकाशी नेलं.

फेलान अजून घोड्यावरच होता. लासरने फडकं ओढून काढलं.

"बघून घे नीट," ती म्हणाली. "आता हा तुझ्या आड येत नाही. कोणाच्याच नाही. आल्या वाटेनं परत जा."

फेलान बघत राहिला. बरोबरच्या दोघांनी माना खाली घातल्या. मग तो डाव्या हाताने खोगीर धरून कसाबसा खाली उतरला आणि त्याने अंगावरची शाल बाजूला केली. उजवा हात मनगटापाशी संपत होता. चिंध्या अजून ओल्या होत्या.

"डोंगरापलीकडच्या भाऊबंदांनी तोडला," तो म्हणाला. "अंगाला खोट आली म्हणून काल सरदारांनी मला गादीवरून उतरवलं. ते आता राज्य मागतायत."

"मग इथे कशाला आलास?"

"याला न्यायला. उद्या राजा करायचं होतं, मावशी. घरात धड अंगाचा हाच एक राहिला होता."