पल्याडचा चिखल

कमलीबाईला घराभोवती फेरी मारायची होती. तीन बाजू झाल्या. चौथ्या बाजूला शेजारचं घर चिकटलेलं होतं.

"ह्या घराले चौथी बाजूच नाई," ती नवऱ्याला, हेमसिंगला, म्हणाली.

जगदेव हसला. विकायला काढलेलं घर त्याचं होतं. अकोल्याला कापसाच्या जिनात काम लागलं, म्हणून तो केनवड गाव सोडून चालला होता.

"हाय ना वो बाई. आतून दिसते. गावात अशीच राह्यते घरं. भिंत एक, घरं दोन."

"मंग भिंत कोनाची?"

"दोघायची."

कमलीबाईनं हेमसिंगकडं पाहिलं. त्यांच्या बंजारा तांड्यात झोपडी चारी बाजूंनी आपली असते. दोघांची भिंत तिनं अजून पाहिली नव्हती.

हेमसिंग मात्र खांबाला पाठ लावून वर पाहत होता. वर मातीचं धाबं होतं, जाड, सपाट. त्यांच्या झोपडीचं गवती छप्पर दोनदा जळालं होतं. दुसऱ्या वेळी एक गोधडीसुद्धा हाती लागली नाही. माती जळत नाही, एवढंच तो सकाळपासून म्हणत होता. घर पसंत पडलं तर कमलीबाईनं गळ्यातली चांदीची हसळी विसार म्हणून इथंच उतरवून द्यायची, असं ठरलं होतं. तिनं ती मघापासून मुठीत धरून ठेवली होती.

"गळते का?" तिनं विचारलं.

"गळते? नाव नको काढू. एक थेंब नाई."

इतक्या पटकन बोलणारा माणूस तिला आवडला नाही.

तिनं खांबाला कान लावून आत वाळवी लागली का ते ऐकलं. उंबरठ्यावर टाच आपटली. मग चुलीपाशी बसली आणि तिथून उठलीच नाही. चुलीजवळच्या त्या चौथ्या भिंतीत, हात जाईल एवढी जागा काळपट ओली होती. बाकी भिंत पांढरी, कोरडी.

"हे काय?"

"उंदराचं बीळ होतं. मी बुजवलं."

"कवा?"

"झाले चार दिवस."

"चैतात चार दिवस चिखल वला राह्यते, पाटील?"

"चाल ना वो," हेमसिंग म्हणाला. "एका बिळापायी घर सोडतं का?"

"बीळ नाई हे." तिनं कडेवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती, देवळाच्या पायरीसारखी. वर धुराचा पट्टा. "अठी रोज हात घासला हाय कोनाचा तरी."

जगदेवनं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"इस्त्याचं भोक हाय," तो म्हणाला. "माह्या मायच्या येळचं."

तेव्हा काडेपेटी जपून वापरत. एका घरची चूल पेटली की शेजारीण गोवरीच्या तुकड्यावर विस्तव घेऊन जाई. या दोन घरांच्या बायकांनी दाराला वळसा घालायचा त्रासच ठेवला नव्हता. विस्तव भिंतीतूनच जायचा, आणि त्याच्यामागून मीठ, मिरची, गावच्या बातम्या.

"मंग बुजवलं काहून?"

कमलीबाई वाकली. चिखल इकडच्या बाजूला फुगून आला होता. त्याच्यावर बोटांची खूण नव्हती. हात पल्याडून लागला होता, आणि आज सकाळीच.

"तुमी नाई बुजवलं, पाटील."

"पल्याडची परयागबाई मनाची वाईट नाई," जगदेव हळू आवाजात म्हणाला. "एकटीच राह्यते तठी. तिले कोनी सांगतलं, का तांड्यावरचे लोक येऊन राह्यले म्हनून..."

हेमसिंगची पाठ खांबावरून सुटली.

"चाल," तो आपल्या बोलीत म्हणाला. "उठ."

कमलीबाई उठली नाही. तिनं चिखलात बोट घातलं, पहिल्या पेरापर्यंत, मग दुसऱ्या. पल्याड गोळा पडल्याचा आवाज झाला. तिनं बोट काढलं तसा उजेड आला. मग उजेड गेला. तिथं एक डोळा होता.

डोळा कमलीबाईच्या कोपरापर्यंतच्या पांढऱ्या चुड्यावरून हसळीवर आला, तिथून हेमसिंगवर गेला, परत आला.

"बाई," कमलीबाई म्हणाली, "घर कसं हाय?"

"अवं, मी सांगतलं ना तुले..." जगदेव पुढं झाला.

"तुमाले नाई इचारलं."

डोळा बाजूला झाला. आता चिखलाचा दुसरा गोळा येणार, असं कमलीबाईला वाटलं. आवाज आला.

"मांगचा कोपरा गळते. गोठ्याकडचा."

जगदेवनं दाराकडं तोंड केलं.

"आपन घेऊ नये म्हनून सांगून राह्यली," हेमसिंग पुटपुटला.

कमलीबाईलाही तेच वाटत होतं. तिनं तोंड भोकाशी नेलं.

"दरसाल गळते?"

"मिरगाच्या आंधी धाब्यावर खारी माती टाकजो. चांगली वीतभर. मंग नाई गळत. ह्या जगदेवनं कवा टाकली नाई. आळशी हाय."

"काकू!" जगदेव म्हणाला.

"खोटं हाय का?"

जगदेवनं टोपी आणखी खाली ओढली.

कमलीबाईनं दोन्ही हातांनी हसळी ताणली आणि गळ्यातून काढली. ती जगदेवकडं न देता तिनं तशीच मांडीवर ठेवली आणि पुन्हा भिंतीकडं वळली.

"आन् इस्तो?"

पल्याड भांडं सरकल्याचा आवाज झाला.

"इस्त्याचं मंग पाहू."