गाऊन

केतकी दर रविवारी पेपरात बायकांच्या एकेका कपड्याची व्याख्या लिहायची. गाऊनबद्दल तिनं लिहिलं, ‘बाईनं आरशाकडे पाठ फिरवल्यावर अंगावर चढवलेलं गोणपाट.’ वाचक खूष झाले.

त्याच आठवड्यात तिच्या वहिनीचं, वृंदाचं, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी केतकीनं तीन सुंदर कुर्ते नेले. पण वृंदाचा हात खांद्याच्या वर जाईना. तिसऱ्या कुर्त्यात मान अडकली तेव्हा ती कळवळली.

“राहू द्या ताई,” म्हणत वॉर्डातल्या आयाबाईंनी स्वतःचा गाऊन आणून दिला. पुढून बटणांचा, धुऊन धुऊन विटलेला. मदतीला सरसावलेल्या केतकीचा हात वृंदानं बाजूला सारला आणि एकेक बटण सावकाश स्वतःच लावलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच तिला कपडे दुसऱ्या कुणी घातले नव्हते.

“चाकाची खुर्ची नको,” ती म्हणाली. “तुझी ओढणी दे, रिक्षापर्यंत चालतच येते.”

केतकीनं आपली ओढणी तिच्या दोन्ही खांद्यांवरून नीट पसरली. “चला वहिनी,” म्हणत ती माणसांनी भरलेल्या व्हरांड्यातून तिच्या बरोबरीनं चालू लागली.