भरीव लाकडाची

"नवशिक्यांना हीच बरी." दुकानदार काकांनी नायलॉनच्या तारांची गिटार खाली काढली. "बोटं सोलत नाहीत. वजनालाही हलकी."

मुलीनं ती वाजवून पाहिलीच नाही. दांड्याला धरून उचलली, पाठीवर टकटक केलं आणि परत दिली. "पोकळ आहे."

"अगं, पोकळच असते! नाहीतर आवाज कुठून घुमणार?" काका हसले. "गिटार घ्यायला आलीस की कलिंगड?"

मुलगी काही हसली नाही. तिनं पिशवीतून एका गिटारीचा मोडका दांडा काढून काउंटरवर ठेवला. तारा लोंबत होत्या. "ही तुमच्याकडूनच नेली होती."

"तडकली? उन्हात ठेवली होतीस का?"

"नाही. दादानं माझ्या डोक्यात घातली." तिनं कपाळावरचे केस बाजूला केले. टाके अजून ओले होते. "एक सूरही धड शिकून झाला नव्हता. काका, मला न फुटणारी हवी."

काकांचं हसू मावळलं. पोलिसात जा म्हणावं, की आईला घेऊन ये म्हणावं, त्यांना सुचेना. सुचलं ते आपलं धंद्यातलंच. मागच्या भिंतीवरून त्यांनी लाल इलेक्ट्रिक गिटार उतरवली. "ही अख्खी भरीव लाकडाची. वायर जोडली नाहीस तर शेजारच्या खोलीतही ऐकू जायची नाही. पण खांदा भरून येईल हं."

तिनं पट्टा खांद्यावर चढवला. हळूच एक तार छेडली.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दादाच तो, दुसरं कोण! एवढा धिप्पाड गडी, आणि मर्दुमकी कुठं दाखवायची तर पाठच्या बहिणीवर.

"परत इथंच? घरात ही टणटण नको म्हणून सांगितलं होतं ना?" त्यानं तिचे केस धरले आणि फाडकन कानाखाली ठेवून दिली. टाके उसवले. काका मध्ये पडले, तर त्यांच्या छातीत कोपर मारून त्यांना भिंतीवर भिरकावलं. मग पट्ट्याला हिसडा देऊन गिटार ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी तिच्या डोक्यावर उगारली. या वेळी मात्र ती बाजूला झाली.

गिटार काउंटरवर बसली. काचेचा चुराडा झाला, गिटार शाबूत. तो आणखीनच पिसाळला. खाली आपटली, फरशी तडकली. पुन्हा आपटली, तेव्हा एक तार तुटून सटकन त्याच्या तोंडावर आली. डोळ्याखालून हनुवटीपर्यंत कातडी फाटली.

"आई गं!" तो तोंड धरून काचांतच बसला. बोटांमधून रक्त गळायला लागलं. काकांनी भिंतीच्या आधारानं उठून पोलिसांना फोन लावला.

मुलीनं काचा तुडवत जाऊन गिटार उचलली. उलटीपालटी करून पाहिली. रंगाचे टवके उडाले होते, बस्स. बाहीनं तिनं तारांवरचं रक्त पुसलं आणि एक तार छेडली. वाजली.

"काका, हीच द्या," दादाकडे बघत ती म्हणाली. "तार तेवढी नवी घाला."