कोळशाचे स्टंप

शाळा सुटली, आयटीआय झालं, आणि त्याला वसईतच कारखान्यात नोकरी लागली. तिथली सुट्टी शुक्रवारी. त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणारी बाकीची पोरं मुंबईच्या ऑफिसांत लागली, त्यांची रविवारी. शुक्रवार याचा, रविवार त्यांचा, मधला शनिवार कोणाचाच नाही. तरी दर शुक्रवारी तो उमेळ्यात दिनानाथकाकांच्या वाडीच्या भिंतीवर कोळशाने काढलेले जुने स्टंप गडद करून यायचा. पुढच्या खेपेला त्यांवर चेंडूचे मातकट ठसे दिसले की बरं वाटायचं: पोरं खेळली. आज सलग तिसऱ्या शुक्रवारी ठसा नव्हता. "एक मेला फिरकत नाही हल्ली," केळींना पाणी सोडत काका म्हणाले. "शिव्या घालू कोणाला?" त्याने चेंडू मातीत घोळवला आणि फेकला. मधल्या स्टंपवर ठसा उमटला. "आऊट!" तो ओरडला. भांडायला कोणीच नव्हतं. तो चेंडू उचलायला वाकला, तेवढ्यात केळींमधून काकांचा आवाज आला, "नो-बॉल होता, चोरट्या!"